चांदणीचं ताट

जेवायला बसलं की काका आधी वाटी उलटी करायचे. आमटी वाढायच्या आत जमलं तर ठीक. वाढून झाली असली, तरी वाटी डोळ्यांच्या वर धरून खालून बघायचेच, आणि त्यात त्यांच्या दोन शर्टांची वाट लागलेली मी स्वतः पाहिली आहे. "हां, ह्या भांडुपवाल्याचा काम," असं म्हणायचे, "हात थरथरता मेल्याचो." मग समाधानाने भात कालवायला घ्यायचे. लग्न असो, बारसं असो, वाटीच्या बुडाला कुणाचं नाव आहे आणि ते कुणी घातलंय हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे.

जन्मभर त्यांनी तेच काम केलं होतं. घाटकोपरला स्टेशनपासून जरा आत एक भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या पायरीशी स्टूल टाकून ते स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचे. हातात जाड पेनासारखं मशीन, कानावर पेन्सिल आणि मशीन चालू असताना त्याच्यावरच्या आवाजात अखंड बडबड. लग्नाचे हंडे, रुखवताचे डबे, वास्तुशांतीला वाटायच्या वाट्या, सगळ्यांवर त्यांचं ते गोल, ठसठशीत अक्षर. माणसाचं नाव विसरायचे, पण त्याचा डबा नाही. रस्त्यात कुणी भेटलं की, "तू तो पाच किलोचा डबा, कडी ढिली होती ती," अशी ओळख पटायची. आता ते नाहीत. पण आमच्या भागातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात गेले की मी अजून डब्यांची बुडं बघते आणि लोक मला वेडी समजतात.

मला मात्र ते भेटले ते भांड्यांमुळे नाही, लिव्हरमुळे.

झालं असं, की अंधेरीला आमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर झालं. मी मोठ्या तोऱ्यात रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, सर्टिफिकेट घेऊन घरी आले. आठवड्याने ब्लड बँकेतून फोन: मॅडम, जरा येऊन जा. हेपटायटिस बी. मला ना ताप, ना कावीळ, ना पोटात दुखणं. डॉक्टर म्हणाले, कदाचित जन्मापासूनच असेल, लिव्हर उत्तम आहे, सध्या औषधही नको, सहा-सहा महिन्यांनी तपासण्या करत जा आणि घरच्यांना तपासून लस द्या. नवरा, मुलगी, सासूबाई, तिघंही निगेटिव्ह. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ताटावर लाल ठिपका. वाटीवर लाल ठिपका. ग्लासवर लाल ठिपका. नेलपॉलिशचा. नेलपॉलिशही माझीच, बरं का! सासूबाईंनी माझ्याच ड्रॉवरमधून काढून घेतली होती.

"अहो आई, हे काय?"

"काही नाही गं. आपलं ओळखायला."

सासूबाईंचं मन वाईट नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं जे केलं ते माझ्या आईलाही जमलं नसतं. पण त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपुढे कुणाचं चालत नाही. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, एकत्र जेवून हे पसरत नाही. माझ्याबरोबर येऊन त्यांनी लसीची तीन इंजेक्शनं घेतली. तरी ठिपका तिथेच. मग इंजेक्शनं कशाला घेतली, हवा खायला? नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार, ताटच आहे." त्याच्यावर माझं जे डोकं फिरलं ते आठ दिवस फिरलेलंच होतं.

डॉक्टरांच्याच रिसेप्शनवरच्या बाईंनी मला मंडळाचा पत्ता दिला. मंडळाचं खरं नाव फार लांब आहे, बोर्डावर तीन ओळींत मावतं. लिव्हरच्या सगळ्या पेशंटांसाठीचं ते मंडळ: बी वाले, सी वाले, सिरॉसिसवाले, कॅन्सरवाले, ट्रान्सप्लांटच्या रांगेतले. एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी चारला जमायचं. कुणाला कुठली सरकारी योजना लागते ते सांगायचं, रिपोर्ट समजावून घ्यायचे, रडायचं असेल तर रडायचं. खालून डंबेल्स आपटल्याचे आवाज आणि वर आम्ही.

पहिल्या शनिवारी दारातच कानावर पेन्सिल लावलेला एक म्हातारा किटली घेऊन उभा.

"ये गो. तुका काय झाला?"

"बी," मी म्हटलं. मला कुणाशी बोलायची इच्छा नव्हती.

"बस. चाय घे."

स्टीलचा ग्लास हातात आला. त्याच्या काठाला निळा दोरा गुंडाळलेला. मी विचारलं, हा कुणाचा ग्लास? त्यांनी हनुवटीने दाखवलं. कोपऱ्यात गोवंडीचा एक टेम्पो ड्रायव्हर बसला होता, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. "त्याचो," काका म्हणाले. "घरी त्याका दोरो बांधून देतत."

आणि खरं सांगते, मी थबकले. घरी नेलपॉलिशवरून आकांडतांडव करणारी मी, ग्लास तोंडाला लावेना. काकांनी ते बरोब्बर पाहिलं. खाली वाकून हळूच म्हणाले, "घराक जाऊन सासूक हव्या तितक्या शिव्या दे. पण आधी ह्यो पी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा प्यायले. आलं जरा जास्त होतं.

हीच मंडळातली काकांची पद्धत. नव्या माणसाने पुढच्या शनिवारी येताना घरी आपल्यासाठी वेगळा काढलेला ग्लास घेऊन यायचा. मग तो ग्लास बांबूच्या एका हाऱ्यात जायचा. त्यात सगळे तसलेच: ठिपक्याचे, दोऱ्याचे, खिळ्याने ओरखडलेले, एक तर चक्क हातोडीने चेपवलेला. चहा त्यातूनच मिळायचा आणि नियम एकच, आपला ग्लास आपल्याला कधी मिळायचा नाही. कागदी कपांना वर यायला बंदी होती. आमच्या घरातून एकामागून एक चार ग्लास मंडळात गेले. दर वेळी सासूबाई म्हणायच्या, "अगं, तुझा ग्लास कुठे गेला?" आणि नवा रंगवायच्या. नेलपॉलिश संपत आली, पण बाई हटेनात.

काका शिकवायचेही, पण त्यांच्या भाषेत. "लिव्हर म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांचा करता, बोलत नाय. बोलाक लागली की समजायचा, उशीर झालो." आणि दुसरं पालुपद, जे आम्ही सगळे त्यांच्याबरोबर कोरसमध्ये म्हणायचो: "ब्लेड वेगळा, ब्रश वेगळो, ताट एक!" ते म्हणताना तिन्ही वेळा पेन्सिल हवेत नाचवायचे. कुणी दारू सोडून पुन्हा प्यायला, तर त्याच्याशी दोन शनिवार बोलायचे नाहीत, फक्त चहा द्यायचे, तोही बिनसाखरेचा.

एकदा मोठ्या हॉस्पिटलातले एक डॉक्टर भाषणाला आले होते. सुटाबुटातले, बोलायला झकास. पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी अर्धा तास समजावलं की बी आणि सी एकत्र खाण्यापिण्याने, मिठी मारण्याने, हात मिळवण्याने पसरत नाहीत. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत काका ग्लास घेऊन पुढे.

"डॉक्टर, चाय."

"नाही, मी चहा घेत नाही."

"कॉफी करतंय."

"आत्ताच झाली."

"पाणी?"

"माझी बाटली आहे."

काकांच्या हातात माझाच ग्लास होता, लाल ठिपक्याचा. ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "असां करूया. तुमच्या भाषणाचो पहिलो भाग बरो झालो. दुसरो भाग ह्यो." आणि ग्लास पुढे धरून उभेच राहिले. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. मग हसले, चहा घेतला आणि प्यायले. पुढे ते दर दोन-तीन महिन्यांनी यायला लागले, आणि आले की आधी हाऱ्यातला ग्लास स्वतः उचलायचे. माणूस चांगला निघाला. सवय नव्हती, एवढंच.

काकांबद्दल आम्हाला एकच कोडं होतं. त्यांना स्वतःला काहीच नव्हतं. "माका काय्येक नाय. माझो लिव्हर झकास आसा," असं तेच सांगायचे. मग इथे कशाला येता, असं विचारलं की, "चाय पिऊक येतंय." त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत नाव घालायचं मशीन असायचं आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक ताट. ते ताट कधी बाहेर आलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याचं काम बाकी आहे." मला तेव्हा फक्त एवढंच जाणवलं की हे उत्तर मालवणीत नव्हतं. काका हसले, चिडले, कुणाची टर उडवली की मालवणी बोलायचे. काही दुखलं की एकदम पुस्तकातलं मराठी यायचं.

मग गणपती आले. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. लग्न झाल्यापासून नैवेद्याचे मोदक मीच करते. उकड काढण्यापासून एकवीस मोदक होईपर्यंत सासूबाई माझ्याशेजारी बसून फक्त चुका काढतात, आणि ती आमच्या दोघींची वर्षातली सगळ्यात मजेची सकाळ असते. त्या वर्षी आठ दिवस आधी सासूबाई भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यंदा मोदक मीच करीन म्हणते. तू जरा आराम कर."

मला आराम! वर्षभर मला आराम कर असं कुणी म्हटलं नव्हतं. ठिपका मी सोसला. ताट वेगळं, तेही सोसलं. पण मोदक काढून घेतले तेव्हा मला कळलं की ह्या घरातून मला हळूहळू, गोड बोलून बाहेर सरकवतायत. आज मोदक, उद्या पोळ्या, परवा मुलीच्या डब्यालाही हात लावू देणार नाहीत. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. शनिवारी मंडळात बोलताना पुन्हा रडले. काका किटली धरून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "चतुर्थीक येतंय. दर्शनाक."

चतुर्थीला सकाळी साडेआठला बेल वाजली. गुरुजी अकराला यायचे होते. बघते तर काका. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल, खांद्याला पिशवी. पाय धुऊन तडक स्वयंपाकघरात. देवघर, मखर, काही नाही, सरळ फळीवरचा पिठाचा डबा उतरवला आणि उलटा केला. पीठ आत होतं, हे सांगायला नकोच.

"ह्या माझा काम!" ते ओरडले. डबा आमच्या लग्नातला, बुडाला आमची दोघांची नावं.

सासूबाई पिठात उभ्या, पण त्यांचा चेहरा खुलला. "अगंबाई, तुम्ही ते! स्टुलावरचे! ह्याच्या लग्नाची सगळी भांडी तुमच्याकडूनच करून घेतली होती." दोघांच्या गप्पा जमल्या. कुठलं गाव, कुणाकडचे, हंडा अजून आहे का. मी ओट्याशी उभी. नारळ खवलेला, गूळ किसलेला, पण हात लावायची सोय नाही. सासूबाईंची उकड परातीत होती आणि कडेने चिरत चालली होती.

आणि मग सासूबाई अगदी सहज, लाघवीपणे म्हणाल्या, "बरं झालं आलात. मशीन आणलंय ना? हिच्या ताटावर एक खूण घालून द्या. नेलपॉलिश घासताना निघून जाते हो."

माझ्या अंगाची लाही झाली. आता पाहुण्यासमोर तोंड उघडू नये म्हणून मी ओठ चावून उभी राहिले. काकांनी ताट हातात घेतलं. त्या लाल ठिपक्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग खाली बसले आणि बोलायला लागले, आणि त्यात मालवणीचा एक शब्द नव्हता.

"वहिनी, माझ्या बायकोला हाच आजार होता. शेजाऱ्यांनी सांगितलं, आईने सांगितलं, ताट वेगळं करा. खूण कोण करणार? मीच. माझा धंदाच तो. नाव घालायला जीव होईना, म्हणून कडेला एक चांदणी काढली. तिला वाटलं, मी हौसेने काढली. आयुष्यभर लोकांची भांडी सजवली, शेवटी हिच्यासाठीही काहीतरी काढलं, म्हणून दोन दिवस ती शेजारणींना ताट दाखवत होती. मग तिला कळलं ते कशासाठी. मला एका शब्दाने विचारलं नाही. चार वर्षं ती त्या ताटात दाराआड एकटी जेवली. शेवटी कॅन्सर झाला. हॉस्पिटलातली सिस्टर तिला भरवायची, आणि उरलेला शिरा एकदा सिस्टरने तिच्याच ताटातून स्वतःच्या तोंडात टाकला. मी ओरडलो. ती म्हणाली, काका, असं जेवून पसरत नाही, तुम्हाला कुणी सांगितलं? आठ दिवसांनी बायको गेली. तिला सॉरी म्हणायलाही मी पुरेसा वेळ ठेवला नव्हता."

नवरा दारात येऊन उभा होता.

मग काकांनी नाक पुसलं, मशीन काढलं, प्लग लावला. "देतंय. खूण घालून देतंय," ते म्हणाले. नखाने नेलपॉलिश खरवडली आणि माझ्या ताटाच्या कडेला एक छोटी चांदणी कोरली. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. एवढं सगळं बोलून पुन्हा तेच? सासूबाईंनी ताट घ्यायला हात पुढे केला, पण काकांनी दिलं नाही.

"दुसरी खंय आसत? हाडा बगया."

सासूबाईंनी गोंधळून रोजची ताटं काढून दिली. माझं धरून आठ. काकांनी दुसरं ताट घेतलं, चांदणी. तिसरं, चांदणी. मशीनची घरघर, काकांचं डोकं खाली. आठही ताटांवर सारखी चांदणी, त्याच जागी, तेवढीच. मग पत्ते पिसावेत तशी त्यांनी ताटं पिसली. खणखणाट असा झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. पिशवीत मशीन टाकलं, पिशवीत काहीतरी खुडबुड केली, ताटांचा गठ्ठा नीट लावून सासूबाईंसमोर ठेवला.

"सांगा आता. सुनेचा ताट खयचा?"

सासूबाई गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. एक ताट उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडतायत हे दिसू नये म्हणून त्या माझ्यावर खेकसल्या, "उभी काय राहिलीस? उकड चिरतेय माझी. गुरुजी येतील. हात धू आणि बस."

मी बसले. एकवीस मोदक केले. पहिले चार माझ्या रडण्यामुळे वाकडे झाले, आणि सासूबाईंनी ते चारही मन लावून नावाजले नाहीत, नेहमीसारख्या चुका काढल्या. मला इतकं बरं वाटलं.

काका जेवून गेले. अकरा मोदक खाल्ले, लिव्हर झकास असल्याचा पुरावा. दुपारी भांडी घासून मी ताटं पुसून मोजली, तर नऊ. पुन्हा मोजली. नऊच. मी धावत दाराकडे निघाले, काका अजून कोपऱ्यावर असतील म्हणून. सासूबाईंनी मनगट धरलं. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"राहू दे," म्हणाल्या. "आपल्यातच राहू दे."

नीट शोधलं तर सापडेल ते ताट. जुनी चांदणी जरा पुसट असणारच. पण आमच्यापैकी कुणी कधी शोधलं नाही.

पुढच्या शनिवारी मी किटलीशी जाऊन म्हटलं, "काका, तुमचं ताट आमच्याकडे राहिलंय."

"खयचा ताट? माझा काय्येक रवला नाय," ते म्हणाले आणि मला कुणाच्यातरी हिरव्या ठिपक्याच्या ग्लासात चहा दिला. पिशवी खांद्याला होती, पण हलकी लोंबत होती.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा जेवायची वेळ झालेली. नवरा आणि मुलगी पाटावर बसलेले. मी फळीपाशी गेले आणि सवयीने माझं ताट शोधायला लागले.

"शोधतेस काय गं?" सासूबाई भाताचं पातेलं उतरवत म्हणाल्या. "कुठलंही घे."